ओवाळणीत गेलेलं मशीन

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या लोखंडी फाटकावरून एकदा बोट फिरवून बघा. दोन गज जिथं एकमेकांना जोडलेत, तिथं माशाच्या खवल्यांसारखी बारीक चढउताराची रेघ हाताला लागेल. ती रेघ काढणाऱ्यांपैकी मी एक. वेल्डिंगचं मशीन. आणि आजकाल खांद्याला पिशवीसारखं अडकवतात ते खेळणं नव्हे हं! मी जुन्या बनावटीचा, तेल पिऊन बसलेला, चार लोखंडी चाकांचा, तिघांनी ढकलल्याशिवाय जागचा न हलणारा गडी. म्हणजे होतो. आज मी निमोण्यात विश्वजीतच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे, पण माझ्या पोटात आता काही नाही. ते कसं रिकामं झालं, तेच तुम्हाला सांगायचंय.

माझा जन्म भोसरीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. कामगारांनी माझ्या पोटात तांब्याच्या तारेची जाड वेटोळी बसवली, ती बुडतील इतकं तेल ओतलं आणि वरून निळा रंग दिला. हल्ली मशीनांत स्वस्तातलं ॲल्युमिनियम घालतात. माझ्यात शंभर नंबरी तांबं होतं आणि त्याचा मला भारी तोरा होता. दिवसभर चाललो तरी तापायचो, पण जळायचो नाही. हे तांबं लक्षात ठेवा, कारण पुढं तेच माझ्या मुळावर आलं.

निमोण्याचे पोपटराव मला घेऊन गेले. त्यांच्या घरी शेती होती, भावकी मोठी होती, सोसायटीत वट होता. पण पोपटरावांचा जीव लोखंडात. पाबळला जाऊन ते काम शिकून आले होते. मला ट्रॉलीतून उतरवलं तेव्हा सगळी भावकी बघायला जमली. "पाटलाचं पोर आन् ठिणग्या उडवतंय! आता ह्याला पोरगी कोण देणार?" असं एक चुलते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. पोरगी मिळाली, आणि चांगली खमकी मिळाली. तिचं नाव सारजाबाई. मी सुरू झालो की आळीतले दिवे मिणमिणायचे आणि सारजाबाईंचा टीव्ही नाचायला लागायचा. मग त्या पदर खोचून दारात यायच्या. "बंद करा ते तुमचं भूत! तिकडं सासू सुनंला घराभायेर काढतीया, आन् हितं चित्रच दिसंना!" पोपटराव काळ्या काचेआडून हसायचे आणि आणखी एक रॉड जाळायचे.

हात बसावा म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी माझं झाकण खोलून घेतलं आणि त्याच्यावर वेल्डिंगनं आपलं नाव लिहिलं. अक्षरं इतकी वाकडी, की वाचणाऱ्याला मान तिरकी करावी लागे. पुढं त्यांचा हात असा बसला की पंचक्रोशीतून लोक यायला लागले. ऊस वाहायच्या ट्रॉल्या, पाण्याच्या टाकीची शिडी, मारुतीच्या देवळाची जाळी, अंगणवाडीची घसरगुंडी, सगळं आम्ही दोघांनी केलं. "पोपटरावाचा जोड, ट्रॉली मोडंल पण जोड सुटायचा न्हाई," असं तळेगावच्या बाजारात लोक एकमेकांना सांगायचे. अशी शाबासकी ऐकली की मी जरा जास्तच गुरगुरायचो. काय करणार, स्वभावच तापट.

पोपटराव गेले. त्यांच्या मुलानं, विश्वजीतनं रॉड धरायचा होल्डर हातात घेतला. खरं सांगतो, पोराचा हात बापापेक्षा सफाईदार होता. पण बापाला जे पुरत होतं ते त्याला पुरेना. रांजणगावच्या बाजूला मोठमोठ्या शेड उभ्या राहत होत्या आणि तिथल्या एका ठेकेदारानं त्याला एक अख्खी शेड उभारायचं काम दिलं. त्यासाठी विश्वजीतनं फायनान्सवर पत्रा कापायचं नवं कोरं मशीन घेतलं आणि पिकअप घेतली. तालुक्याच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं, त्याला जामीन राहिले दौंडचे धैर्यशील दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे, नीलमचे यजमान. शिरूरच्या लोखंडवाल्या शेठकडून उधारीवर माल उचलला. आणि मला? मला कोपऱ्यात सारून वर ताडपत्री टाकली. कोंबड्या माझ्यावर बसून अंडी घालायच्या. एवढा अपमान मी आधी कधी सोसला नव्हता.

शेड उभी राहिली आणि ठेकेदार पैसे न देता गायब झाला. फोन बंद, ऑफिसला कुलूप. विश्वजीतनं वाट्याची जमीन विकून थोडं भागवलं, थोडं मोबाईलवरून कर्ज काढून भागवलं. मोबाईलवरचं ते कर्ज म्हणजे फार वाईट जात, मित्रांनो. त्यांची माणसं विश्वजीतच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरला फोन करून शिव्या द्यायची. सोयरे, गिऱ्हाइकं, एवढंच काय, नीलमच्या सासूलासुद्धा फोन गेला. मग फायनान्सवाले आले आणि नवं मशीन अन् पिकअप दोन्ही घेऊन गेले. ती तारण होती, नेणारच. शेड ओकीबोकी झाली. त्या दुपारी विश्वजीतनं माझ्यावरची ताडपत्री ओढली, फडक्यानं मला पुसलं आणि माझ्या झाकणावर हात ठेवून उभा राहिला. "आता तूच हाईस बाबा," एवढंच म्हणाला. मी एका झटक्यात सुरू झालो. टीव्ही नाचला. सारजाबाई दारात आल्या, पण या वेळी आत जाऊन त्यांनीच टीव्ही बंद केला.

फाटकं, खिडक्या, मोडलेल्या ट्रॉल्या, जे येईल ते आम्ही करत गेलो. त्या दिवसांत त्या घराची चूल माझ्यावर पेटत होती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं ऐकल्यावर तुमच्या ध्यानात येईल.

निमोण्याच्या स्टँडवर संपतचं चहाचं हॉटेल आहे. संपतला ऊस, राजकारण, दुखणी आणि कायदा, यातलं काहीही विचारा, उत्तर तयार. त्यानं विश्वजीतला सांगितलं, "नादारी घे. कोर्टात अर्ज टाकला की समदं कर्ज माफ. फकस्त त्याच्या आधी घरात जे काय हाय ते पावण्याच्या नावावर कर. न्हायतर कोर्टाचा माणूस येऊन ताटवाटीसुदिक उचलून नेतो."

आता नादारी म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो. एखाद्याला देणं फेडणं खरोखरच अशक्य झालं, तर तो कोर्टात जाऊन सांगू शकतो, की माझ्याजवळ एवढं आहे, मी लोकांना एवढं देणं लागतो, माझं जे आहे ते घ्या आणि सगळ्यांना वाटून द्या. कोर्ट त्यासाठी एक माणूस नेमतं, त्याला रिसीव्हर म्हणतात. माणूस सरळ वागला, काही लपवलं नाही, तर शेवटी कोर्ट त्याला उरलेल्या देण्यातून मोकळं करतं. गावात मात्र याला 'दिवाळं काढलं' म्हणतात आणि म्हणताना नाक मुरडतात. त्या मुरडलेल्या नाकांचीच विश्वजीतला कोर्टापेक्षा जास्त भीती होती.

त्याच्या बायकोनं, सुलक्षणानं त्याला लाख समजावलं. "अवं, आधी एखाद्या वकिलाला तरी इचारा. संपतभाऊ कवापासून कायदा शिकवाया लागले? त्यास्नी चहात साखर किती घालायची ते उमगंना."

"त्यानं दुनिया बघितलीया."

"स्टँडावरनं? आन् मशीन दिल्यावर खायाचं काय?"

"देतोय कुठं? नावापुरतं. निकाल लागला की घिऊन यायचं."

पण नुसतं ठेवायला दिलं तर कोर्ट विचारेल, म्हणून त्यानं एक शक्कल लढवली. दिवाळी तोंडावर होती. भाऊबीजेला भावानं बहिणीला काय घालावं, यात कोर्ट कशाला पडेल? त्यानं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, की हे मशीन मी माझी बहीण नीलम हिला ओवाळणी म्हणून कायमचं दिलं. आणि भाऊबीजेच्या दिवशी तिघांनी ढकलून मला भाड्याच्या टेम्पोत चढवलं. दौंडला नीलमच्या दारात मी उतरलो तेव्हा शेजारपाजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कुणाचा भाऊ साडी आणतो, कुणाचा पैंजण. हिच्या भावानं हे तेलकट धूड आणलं!

नीलमनं पाटावर बसवून त्याला ओवाळलं. त्यानं ताटात कागद ठेवला.

"दादा, हे काय रं? मला साडी चालली असती."

"असू दे. ठेव."

"आन् मी काय करू ह्याचं? पोळ्या लाटू?"

सगळे हसले, विश्वजीतही हसला. दाजींनी मला ढकलत नेऊन म्हशीच्या गोठ्यात उभं केलं. विश्वजीत जाताना मागं वळून बघत होता. त्याला वाटलं असेल, चार महिन्यांचा प्रश्न आहे. मला तेव्हाच तो गोठ्याचा ओलावा आवडला नव्हता.

यापुढं निमोण्यात आणि कोर्टात जे घडलं, ते मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. ते मला विश्वजीतनंच नंतर सांगितलं. माणसं एकटी असली की मशीनशी बोलतात, तुम्हाला ठाऊक नसेल.

दिवाळी उरकल्यावर सुलक्षणा त्याला शिरूरला गौतमी वकिलांकडे घेऊन गेली. गौतमीताई वयानं लहान, पण बोलायला ठाम. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा अर्ज लिहायला घेतलाच नाही. "दादा, नादारी म्हणजे कर्जमाफी नव्हे. ही शेवटची पायरी आहे. घेणेकऱ्यांशी बसून बोललात का? लोकअदालतीत तडजोड होते. विधी सेवा समितीत सल्ला फुकट मिळतो. त्यानं जमत असेल तर कोर्टाची पायरी चढूच नका."

"लोखंडवाले शेठ हप्ते बांधून द्याया तयार हायेत, ताई. बाकी कोण ऐकंना."

"पतसंस्थेला जामीन कोण?"

"आमचं दाजी."

"त्यांना सांगितलंय? तुम्ही मोकळे झालात तरी जामीनदार मोकळा होत नाही. पतसंस्था थेट त्यांच्या पगाराला हात घालेल. अर्ज करायच्या आधी त्यांना घरी बसवून हे सांगा." विश्वजीतनं मान डोलावली. सांगितलं मात्र नाही. दाजींसमोर असला विषय कसा काढायचा? जावयाचा मान आडवा आला.

"आणि नादार ठरल्यावर, मोकळं होईपर्यंत ग्रामपंचायतीला उभं राहता येणार नाही." हे ऐकून विश्वजीतचं तोंड जे पडलं! भावकीच्या पॅनेलनं यंदा त्याला तिकीट कबूल केलं होतं. कर्ज अंगावर आलं तेव्हासुद्धा तो एवढा खचला नव्हता, असं सुलक्षणा पुढं कितीदा तरी म्हणाली.

मग गौतमीताईंनी कोरा कागद ओढला. "आता तुमच्याजवळ काय काय आहे ते सांगा. घाबरू नका. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, वहिनींचं मंगळसूत्र यांना कोर्ट हात लावत नाही. कारागिराच्या हत्यारांनाही नाही. तुमचं वेल्डिंगचं मशीन आहे ना? ते यादीत लिहायचं आणि पुढं लिहायचं, पोटापाण्याचं हत्यार. म्हणजे ते तुमच्याकडंच राहील. कुठाय ते?"

मित्रांनो, इथं विश्वजीतनं खरं सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण तो मनात हिशेब करत बसला. मशीन दौंडला आहे असं सांगावं तर ते परत आणायला सांगतील. आणि बहिणीला भाऊबीजेला घातलेली ओवाळणी परत मागायची? सगळ्या आळीसमोर ओवाळून घेतलेली?

"भंगारात गेलं ते," तो म्हणाला.

"गेल्या दोन वर्षांत कुणाच्या नावावर काही केलंय? नातेवाइकांच्या? असेल तर आत्ताच सांगा. कोर्ट असलं देणं रद्द करतं आणि लपवणाऱ्यावर पुन्हा विश्वास ठेवत नाही."

"न्हाई."

शेजारी बसलेल्या सुलक्षणानं त्याच्याकडं बघितलं आणि खाली मान घातली. जुनी माणसं सांगतात, घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. वकिलाच्या ऑफिसातही ती बसलेली असावी.

घरी येऊन सुलक्षणा रडली, भांडली. "उद्या उठून दौंडला जावा आन् मशीन आणा. ताईंनी सांगितलं न्हवं, आपल्याकडंच ऱ्हाईल म्हणून?" त्याला पटलं होतं. तो आईच्या खोलीत गेला. सारजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"लेकीच्या दारात घातलेली ओवाळणी परत मागाया जाणार तू? आपल्या घराण्यात कवा ऐकलंय असं? उद्या तिची सासू तिला उठता बसता टोमणं मारंल. लेकीला दिलं ते गेलं. मला पुन्हा इचारू नगंस."

तो दौंडला गेला नाही. अर्ज पुण्याला जिल्हा न्यायालयात दाखल झाला, माझ्या नावाशिवाय.

इकडं गोठ्यात माझे हाल होते. म्हशीचं शेण, पाण्याचा ओलावा. चाकं गंजली, पत्र्याच्या एका जोडातून तेल झिरपायला लागलं. वासरू येऊन अंग घासायचं, तेवढीच सोबत. एका संध्याकाळी दाजी गोठ्यात आले. ते साखर कारखान्यात नोकरीला. त्यांच्या हातात पतसंस्थेचा कागद होता आणि मागं नीलम.

"पगारातनं कापायला लागलं. तुझ्या दादानं कोर्टात हात वर केलं, आन् मला साधं सांगितलंसुदिक न्हाई. पतसंस्थेच्या शिपायाकडनं कळलं मला!"

"दादाच्या जिवाला काय कमी घोर हाय का?"

"आन् माझ्या? पोरांच्या फिया भरायच्या हायेत. हे मशीन इकू. पोटात तांबं हाय ह्याच्या, दोन म्हैन्याची कपात भागंल."

"माझ्या दादाचं हाय ते."

"कागदावर तुझं हाय. ओवाळणी हाय. तूच सांग, इकू का नको?"

नीलम बराच वेळ वासराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "इका." तिचा आवाज मला अजून आठवतो. दाजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी सही करून मेव्हण्याची पत राखली होती आणि त्याचं फळ त्यांना असं मिळालं. नीलमचंही चुकलं नाही. चुकलं कुणाचं, याचा विचार मी पुढं कितीतरी दिवस भंगारवाल्याच्या आवारात पडून करत होतो.

भंगारवाल्यानं पहिल्यांदा तेल काढलं. मग झाकण फेकलं बाजूला. छिन्नी लावून वेटोळी तोडली आणि तांबं उपसून काढलं. दुखलं का विचाराल, तर दुखलं. इतकी वर्षं ज्याच्या जोरावर गुरगुरलो, ते पोत्यात भरून तराजूवर चढलं. राहिला पत्र्याचा डबा, तो रुळाकडच्या भिंतीला टेकवून ठेवला. दौंडला गाड्यांची ये-जा फार. प्रत्येक गाडीबरोबर मी पिंपासारखा खडखडायचो. तेव्हा कळलं, पोट रिकामं असलं की आवाज कसा निघतो.

कोर्टात तारीख आली तेव्हा घेणेकऱ्यांना आपलं म्हणणं मांडायची मुभा होती. लोखंडवाले शेठ उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण फसवणूक त्यांना खपत नसे. "साहेब, ह्यांच्याकडं वडलांच्या वेळचं वेल्डिंगचं मशीन होतं. दिवाळीआधी मी माझ्या डोळ्यांनी चालताना बघितलंय. यादीत कुठं दिसत नाही."

न्यायाधीश बाईंनी विचारलं आणि विश्वजीतला खोटं बोलवेना. त्यानं सगळं सांगितलं. भाऊबीज, स्टॅम्पपेपर, गोठा. कोर्टात कुणीतरी हसलं. गौतमीताई त्याच्याकडं बघतच राहिल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अहो, कारागिराचं हत्यार होतं ते. कायद्यानंच त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं. यादीत एक ओळ लिहिली असती, तर आज ते तुमच्या शेडमध्ये चालत असतं. जे कुणी नेणारच नव्हतं, ते तुम्ही लपवलंत. आता तुमच्या बाकीच्या यादीवर मी विश्वास कसा ठेवू?"

अर्ज कोर्टाच्या परवानगीनं मागं घ्यावा लागला. पुन्हा करायला मुभा मिळाली, पण सगळं पहिल्यापासून. बाहेर जिन्यात गौतमीताई एवढंच बोलल्या, "दादा, मला सांगायचं होतं हो." मोबाईलवाल्यांचे फोन पुन्हा सुरू झाले. शेठनी हप्त्याची बोलणी मोडली. पॅनेलच्या पोस्टरवर चुलत भावाचा फोटो लागला. आणि विश्वजीत, ज्याच्या बापाचा जोड सुटत नव्हता तो विश्वजीत, शिरूरच्या एका वर्कशॉपमध्ये दुसऱ्याच्या खांद्यावरच्या खेळण्यानं रोजंदारी करायला लागला.

कोर्टातून आल्यावर त्यानं दौंडला फोन केला नाही. कुठल्या तोंडानं करणार? मशीन विकलं गेलंय, हेही त्याला ठाऊक नव्हतं. वर्ष सरलं. पुन्हा दिवाळी आली. भाऊबीजेला तो दौंडला जायला निघेना. सुलक्षणानं नवा सदरा काढून ठेवला, तो तसाच घडी घातलेला राहिला. उन्हं चढल्यावर दारात एक टेम्पो थांबला. पुढून नीलम उतरली, हातात ओवाळणीचं ताट, आणि मागून मी.

भंगारवाल्याकडं ती आदल्याच दिवशी जाऊन बसली होती. "तांबं गेलं ते गेलं, डबा तर द्या," म्हणून तिनं त्याच्याशी दिवसभर हुज्जत घातली. माझं झाकण ढिगाऱ्यात सापडलं, कारण त्याच्यावर तिच्या बापाचं वाकडं नाव होतं. मान तिरकी करून तिनं ते वाचलं आणि तिथंच खाली बसली. हे मी स्वतः बघितलंय.

विश्वजीत माझ्याजवळ आला. त्यानं माझ्या कुशीवर टकटक केली. पत्रा पोकळ वाजला. त्याचा हात तसाच राहिला.

"पोटातलं?"

"तुझ्या दाजींनी इकलं. माझ्या इच्यारानं इकलं. मला ओरड काय ओरडायचं ते." नीलमनं ताट खाली ठेवलं. "पर एक सांग दादा, तू मागितलं का न्हाईस? एक फोन केला असतास तर त्याच दिशी पाठवलं असतं. इकेपर्यंत मी रोज तुझ्या फोनची वाट बघत व्हते. मला वाटायचं, दादानं ओवाळणी घातलीया, आपण परत कशी करायची? त्याला काय वाटंल?"

"मलाबी तेच वाटलं. तुला काय वाटंल."

दोघं बहीणभाऊ माझ्या दोन बाजूंना उभे राहून रडले, आणि आतून सारजाबाई बाहेर आल्या. त्यांनी मला पाहिलं, झाकणावरचं नाव पाहिलं. "लेकीला दिलं ते गेलं, असं मीच म्हणले व्हते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पर लेकीनंच सोताहून आणून दिलं असतं, तर कोण अडवत व्हतं? मला का न्हाई सुचलं?" टीव्हीवरून माझ्याशी एवढं भांडलेली बाई, पण त्या दिवशी पदरानं माझ्यावरची धूळ पुसत होती.

नंतर विश्वजीत दाजींकडं जाऊन त्यांच्या पाया पडला. दाजी बोलले, बरंच बोलले, आणि शेवटी जेवायला बसवलं. कपात अजून चालूच आहे.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. पण घरात कधी अशी वेळ आली, मोठी माणसं कुजबुजायला लागली, तर माझी आठवण काढून त्यांना एवढं सांगा. अडचणीची लाज धरू नका. स्टँडवर विचारण्याआधी जाणत्याला विचारा. ज्यानं तुमच्यासाठी सही केली, त्याला पहिल्यांदा सांगा. आणि जे आहे ते आहे म्हणून लिहा, नाही ते नाही म्हणून. आपल्या माणसांना काय वाटेल याचा अंदाज बांधत बसू नका, त्यांनाच विचारा. वस्तूंचं काय, आम्हाला नुसतं कोरडं ठेवलं, वेळेवर तेल बदललं तरी आम्ही तीन पिढ्या पुरतो. आम्हाला लपवायचं नसतं, वापरायचं असतं.

गेल्या आठवड्यात गौतमीताई स्वतः शेडमध्ये आल्या. नवा अर्ज करायचा होता. विश्वजीत माझ्या झाकणावर कागद ठेवून लिहायला बसला, वडिलांच्या उंचसखल नावावर त्याचा पेन अडखळत होता.

"ताई, हे कुणाच्या नावावर न्हाई आता. भंगारच हाय. लिहायला पायजेल का?"

"तुम्हीच ठरवा."

त्यानं क्षणभर विचार केला आणि सगळ्यात वर लिहिलं. वेल्डिंग मशीन, एक, वडिलांचं. पोटापाण्याचं हत्यार. किंमत काही नाही. मग पेन थांबला. त्यानं पुढं आणखी दोन शब्द लिहिले, आणि ते वाचून गौतमीताईंनी चष्मा काढून पुसला. त्यानं लिहिलं होतं, 'चालत नाही'.